स्वतंत्र नळी

माझ्या नकळत आमच्या घरात पानही हलत नाही; त्यामुळे नव्या घराच्या वातानुकूलनाचे दोन्ही नकाशे सुनेला आधी माझ्यासमोरच पसरावे लागले. पहिल्यात एकच जाड नळी घरभर फिरून खोल्याखोल्यांत फांद्या सोडत होती आणि माझी खोली अगदी शेपटाला होती. दुसऱ्यात यंत्रापासून प्रत्येक खोलीला स्वतंत्र नळी होती.

"आई, पहिलाच घेऊ या. आत्ताच्या घरात आहे ना, अगदी तसाच," ती गोड आवाजात म्हणाली.

तिचा आवाज गोड झाला की मी सावध होते.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांची उरलेली हवा माझ्या वाट्याला? मला नकाशा कळत नाही, असं समजू नकोस. मला स्वतंत्र नळी हवी."

"बरं, तुम्ही म्हणाल तसं."

ना वाद, ना धुसफूस! माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.



नव्या घरी हवा उत्तम येते. मात्र जुन्या घरी हवेच्या जाळीला कान लावला, की सुनेचे स्वयंपाकघरातले फोन शब्दन् शब्द ऐकू येत, इथे नुसती घरघर ऐकू येते.