पाय आधी, पाकळी मागनं

पाकळी परत आखूड आली.

गैबीसाबांनी लाकडी पावडीवरचा पाय उचलला आणि पडद्यावरची लाल रेघ तिथंच थांबली. फुलाच्या कडेला बोटभर जागा उघडीच राहिली. त्यांनी रेघ पुसली, परत पाय दाबला, परत उचलला. परत बोटभर कमी.

पलीकडं पत्र्याखाली माग धडधडत होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या चादरीच्या कारखान्यात ऑफिसची खोली ती केवढी, आणि तिच्यात चार माणसं एका म्हाताऱ्याच्या पायाकडं बघत उभी. अकलूजचे दुकानदार इंद्रजीत सारखं घड्याळ बघत होते. मुलगा सोहेब बोटात गाडीची किल्ली गरगरा फिरवत होता. नात अरिबाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि गैबीसाबांची बायको गुलबानो डबा द्यायला म्हणून आली होती, ती हलायचं नाव घेत नव्हती.

लकव्यानं गैबीसाबांचा उजवा हात नेला, जीभ जड केली. पाय तेवढे ठेवले. नक्षी काढायचं काम कॉम्प्युटरवर, आणि डाव्या हाताला माउस जमेना. मग अरिबानं माळ्यावरच्या जुन्या हातमागाच्या, पायानं दाबायच्या दोन पावड्या काढल्या आणि तारा लावून कॉम्प्युटरला जोडल्या. एक दाबली की रेघ पळायची, दुसरीनं वळायची. कॉम्प्युटर कुणीतरी टाकून दिलेला, त्यावर तिनं लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम घातलेली. फुकट मिळतं ते कसलं असणार, म्हणून सोहेबनं नाक मुरडलं होतं. फुकटचा सल्ला मात्र त्याला कधी जड झाला नव्हता.

चित्र पायाच्या मागं मागं रेंगाळायचं, हे खरं. असलं लंगडं चित्र गिऱ्हाइकापुढं नको, असा सोहेबनं धोशा लावला. शेवटी आज सकाळी अरिबानं पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात तो, बदलला, नवा घातला. आता रेघ पायाबरोबर पळत होती, उतारावरच्या पाण्यासारखी. आणि पाकळी आखूड येत होती.

इंद्रजीतना चादरीच्या कोपऱ्यातलं फूल मोठं करून हवं होतं, तेही डोळ्यांसमोर. सोहेबनं घरात आधीच सांगून ठेवलं होतं, आज जमलं नाही तर नक्षीचं काम गावातल्या डिझाइनवाल्याकडं जाणार, अब्बांनी घरी आराम करायचा. आराम म्हणजे खाट, आणि खाटेवरनं माणूस कुठं जातो, ते त्या घरात कुणाला शिकवायला नको होतं.

सोहेबनं विचारलं, पाय दुखतोय का. गैबीसाबांचं उत्तर अलीकडं वेळ लावून यायचं. ते यायच्या आत त्यानं दुसरं विचारलं, तिसरं विचारलं, आणि तिसऱ्याचं उत्तर स्वतःच देऊन टाकलं. मग इंद्रजीतकडं वळून म्हणाला की वय झालं आता, तुम्ही चहा घ्या.

गुलबानोनं नातीला कोपरखळी मारली. काल तर फूल भरत होतं, आज काय करून ठेवलंस?

अरिबा हळूच सांगू लागली. काल चित्र उशिरा यायचं. म्हणून आजोबांनी रेघ कडेला पोचायच्या जरा आधीच पाय उचलायची सवय लावून घेतली होती. राहिलेली रेघ मागनं येऊन बरोबर टेकायची. आज उशीरच उरला नाही, आणि पाय मात्र कालच्यासारखाच आधी उठतोय.

"मग कालचंच लाव."

"अम्मा, ते मंद हाय," सोहेब मधेच म्हणाला. "पार्टीपुढं हसं व्हईल."

"मंद तर तुजा बाप बी हाय," गुलबानो म्हणाली. "त्यो बी बदलून आण की."

इंद्रजीतनी रुमाल तोंडाला लावला. सोहेबच्या बोटातली किल्ली थांबली.

अरिबानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी यादी आली. नवं घातलं तरी लिनक्स जुनं फेकून देत नाही, चालू होताना कोणतं घेऊ म्हणून विचारतं. तिनं खाली सरकून कालचं घेतलं. पडदा बराच वेळ काळा राहिला. सोहेब दाराशी गेला, परत आला, परत गेला.

फूल आलं. गैबीसाबांनी पाय दाबला. रेघ जागची हलेना, मग हलली, रखडत निघाली. कडेला पोचायच्या आतच त्यांनी पाय उचलला. इंद्रजीत चुकचुकले. पाय वर, आणि रेघ आपली चाललेलीच. बोटभर चालली, कडेला येऊन टेकली आणि थांबली.

पाकळी भरली. गैबीसाबांचा पाय तोवर पुढच्या पाकळीला लागला होता.

इंद्रजीत खुर्ची ओढून पडद्याजवळ आले. फूल पुरं होईतो घड्याळाकडं त्यांनी बघितलं नाही. मग विचारलं, चारी कोपरे असेच येतील का, आणि आजच होतील का. सोहेबनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. गुलबानोनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

त्यानं तोंड मिटलं. बापाकडं वळला.

"अब्बा, चारी कोपरं आज व्हत्याल का?"

गैबीसाबांचे ओठ हलले. आवाज आला नाही. सोहेबनं किल्ली खिशात टाकली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसला.