औषधांच्या दुकानापुढचा चढ

तिसऱ्या दिवशी सकाळी जावयाने शहराचा नकाशा टेबलावर पसरला. राहिलेल्या ठिकाणांभोवती त्याने पेनाने गोल केले होते. मनोरा, संग्रहालय, होडीची फेरी.

"हे सगळं बघायलाच पाहिजे का?" सासूबाईंनी विचारलं.

"एवढ्या लांब आलात, आई..."

"मनोरे बघायला नाही आले मी."

सासरे खुर्चीवर वाकून बूट चढवत होते. "काल चारशे वर्षं जुनी भिंत दाखवलीत," ते म्हणाले. "माझे गुडघे तिच्याहून जुने निघाले."

कुणी हसलं नाही. मुलगी वारून आठ महिने झाले होते. यांना व्हिसा आत्ता मिळाला होता.

"मला तिच्या ऑफिसच्या दारापाशी घेऊन चला," सासूबाई म्हणाल्या. "तिथून घरापर्यंत मी तुम्हाला नेते."

जावई बघत राहिला. काल स्टेशनच्या लिफ्टमध्येसुद्धा त्या त्याचा हात धरून शिरल्या होत्या.

ऑफिसचं दार काचेचं होतं. आत एक पहारेकरी चहा पीत बसला होता. सासूबाईंनी साडीवर मुलीचा कोट घातला होता. बाह्या लांब होत होत्या, त्या त्यांनी दोनदा दुमडल्या.

"आमची ठकी इथून फोन लावायची. 'निघाले गं' म्हणायची आणि घर येईस्तोवर बोलायची. काय काय दिसतंय ते सांगायची. चार वर्षं. मी तिकडे ओटा पुसत ऐकायची." त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. "उजवीकडे."

ते उजवीकडे वळले.

"आता चांभाराचं दुकान. वर लाकडी बूट टांगलाय बघा." टांगलेला होता. "पुढं न्हावी. त्याच्याकडे कुत्रं फिरकत नाही, बिचारा." न्हावी होता. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसून पेपर वाचत होता.

या रस्त्याने जावई कधी चालला नव्हता. त्याची बस पलीकडच्या चौकात थांबायची, आणि तो उतरायचा तेव्हा साडेआठ वाजलेले असायचे.

"आमच्याच बाजारात ही दोनदा हरवलीय," सासरे मागून म्हणाले. "आणि इथं बघा, पोस्टमनसारखी चाललीय."

"तुमच्या मागं चालले म्हणून हरवले."

औषधांचं दुकान मागे पडलं, तशा सासूबाई थांबल्या. त्यांनी निऱ्या जरा वर उचलल्या.

"आता चढ."

समोर रस्ता सरळ होता. तळहातासारखा सपाट.

"इथं चढ नाही, आई."

"नाही कसा? औषधांचं दुकान गेलं की चढ. रोज म्हणायची. 'थांब गं, चढ आला, दम लागतोय.' मग मिनिट-दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू यायचा. मी म्हटलंसुद्धा तिला, लांबून ये पण सपाट रस्त्यानं ये."

त्या पुढे चालत गेल्या. वीसेक पावलं. पाय दाबून दाबून, अंधारात पायरी शोधावी तशा. मग वळून तशाच परत आल्या.

"कधीपासून म्हणायची?" जावयाने विचारलं.

"मागच्या वर्षापासून. आधीची तीन वर्षं नव्हता चढ."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं.

"तुम्हाला नाही बोलली कधी?"

"नाही."

सासूबाईंनी मान हलवली. निऱ्या सोडल्या. "मला वाटलं, रस्ता तुम्ही बघितलेला असेल," त्या म्हणाल्या.

पुढच्या वाटेत त्यांनी काही दाखवलं नाही. वळणं तेवढी हाताने सांगितली. एकही चुकली नाही.

घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या. दार थेट रस्त्यावर उघडायचं. दारासमोर तिघं थांबले.

"इथं ठेवायची फोन," सासूबाई म्हणाल्या. "'दार आलं, ठेवते.' पुढचं मला माहीत नाही. पुढचं तुम्ही सांगा."

"पुढं काय... मी साडेआठला यायचो. बेल वाजवायचो. ती दार उघडायची."

"तुमच्याकडे किल्ली नव्हती?"

"होती. खिशातच असायची."

दाराच्या चौकटीवर बेलचं पांढरं बटण होतं. सासूबाईंनी दुमडलेल्या बाहीतून हात बाहेर काढला आणि ते दाबलं. आत बेल वाजली. भिंतीला टेकलेले सासरे सरळ उभे राहिले.

"किती वेळ लागायचा तिला?"

"आधी लगेच यायची." जावई दाराकडे बघत होता. "शेवटी शेवटी वेळ लागायचा. मी पुन्हा दाबायचो."

सासूबाईंनी बटण पुन्हा दाबलं नाही.

"काढा किल्ली," मग त्या म्हणाल्या. "यांचे पाय दुखतायत."