आदरणीय सहकारी
एक वाफा भात लावला की पासली गावची ठकुबाई चार दिवस आडवी पडायची. हा आजार की नाटक, यावर भोरच्या दोन डॉक्टरांनी तिला समोर बसवून चर्चा मांडली. अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी बजावलं, “जो अनादरानं बोलेल तो शेवटपर्यंत उभा राहील.” थोरले डॉक्टर म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल. सगळं मनाचंच आहे.” तरुण डॉक्टर उसळले, “तुमचं वाचन कॉलेजातच संपलं!” “उभे राहा,” बाई म्हणाल्या. “शेंबड्या, मला शिकवतोस?” म्हणत थोरल्यांनीही खुर्ची गमावली. मग दोघं तासभर ‘आदरणीय सहकारी’ म्हणत उभ्याउभ्याच भांडले. ठकुबाईला हसू आवरेना. शेवटी थोरले कळवळले, “बाई, पाय भरून आले. बसू द्या.” ठकुबाईनं उठून आपली खुर्ची पुढं सरकवली. “बसा सायेब. तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला, तर हेबी मनाचंच म्हनायचं व्हय?”