डावा गुडघा

यंत्राने शालनताईंच्या गुडघ्यांतली झिजलेली कूर्चा थराथराने वाचली. बाहेर साठीपुढच्या बायकांची रांग होती. वयाने, वजनाने, उकिडवं बसून केलेल्या कामांनी बहुतेकींचे गुडघे गेले होते. नवी कूर्चा पेरली की त्या पुन्हा जिने चढत.

"काकू, उजवा सगळ्यांसारखाच झिजलाय," डॉक्टर तांबोळी म्हणाली. "डावा मात्र एकाच बाजूला ओझं वाहून झिजलाय. ते ओझं वर्षागणिक वाढत गेलंय आणि मग एकदम थांबलंय. काय उचलत होतात?"

"कळशी," शेजारी बसलेले त्यांचे यजमान, भास्करराव, घाईने म्हणाले.

"कळशी कशी वाढेल, काका?" ती हसली.

"कुंदा," शालनताई म्हणाल्या. लेक गेल्यापासून हे नाव घरात निघालं नव्हतं. "आमची मुलगी. तिला चालता यायचं नाही. शाळेतसुद्धा कडेवरच न्यायची मी."

डॉक्टरचं हसू मावळलं.

"नवीन घातल्यावर हे सगळं तसंच राहतं का आत?"

"नाही, काकू. जुनं खरवडून काढावं लागतं."

शालनताईंनी पातळ खाली ओढून डावा गुडघा झाकला.

"मग उजवाच करा."

त्या उठू लागल्या तेव्हा भास्करराव त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले.