पंखाचा साचा

घरभर एरंडेलाचा वास. कुणाचंही पोट बिघडलेलं नाही.

झरीला पाडव्याच्या गाठी करणारे, साखर चिकटू नये म्हणून लाकडी साचा रात्रभर पाण्यात ठेवतात.

लोको शेडच्या भिंतीवर नामांतराची घोषणा. कुणी अर्धी पुसली, कुणी पुन्हा लिहिली.

काचेचं कापड अंगाला लागलं की दोन दिवस खाजतं.

तार ढिली पडली की विमान पडतं.

गुरुसिद्धप्पानं डब्याच्या तळाशी उरलेल्या रेझिनमध्ये हार्डनर घातलं, काडीनं ढवळलं आणि साच्यासाठी हात लांब केला. फळीवर साचा नव्हता.

"साचा कुटं गेला?"

त्याची बायको चन्नबसम्मा पिठाचे हात झटकत मोरीत गेली आणि घंगाळातून दोन सागवानी फळ्या काढून घेऊन आली. एकीत पंखाची पाठ कोरलेली, दुसरीत पोट. दोन्हींतून पाणी ठिबकत होतं.

"रात्रीच भिजू घातला," ती म्हणाली. "मागल्या खेपेला सोडत नव्हता म्हणून तुमी दोन दिवस जेवला न्हाईत. आता बघा कसा अल्लाद सोडंल."

त्याचं तोंड बघूनच तिला कळलं, की या पाकाचं आणि पाण्याचं जमत नाही.

पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करणारा हा फिटर सुट्टीच्या दिवशी पन्नास फुटी दोन तारांना हातभर लांबीचं विमान बांधायचा, मधे मूठ धरून उभा राहायचा आणि त्याला स्वतःभोवती फिरवायचा. तीन विमानं झाली. तिन्ही वेळा वाऱ्यानं विमान आत लोटलं, तार लोंबली आणि नाक मातीत गेलं. चौथ्याचे पंख त्यानं काचेच्या कापडाचे करायला घेतले होते. उजवा झाला होता. डाव्यापुरतंच रेझिन उरलं होतं, पुढचं हैदराबादहून यायला महिना लागला असता, आणि रविवारी विमान उडणार हे तो शेडभर सांगून बसला होता. त्यात ढवळलेलं रेझिन वीस मिनिटांत दगड होतं.

"शेगडी पेटव," तो म्हणाला.

तिनं जुन्या लुगड्याच्या धडप्यानं फळ्या पुसल्या, निखाऱ्यावर धरल्या. लाकडातून वाफ निघाली. त्यानं गरम साच्यावरच मेण फिरवलं. मग कापड पसरायला घेतलं, पण घाईघाईत सुरकुत्या पडायला लागल्या. ती त्याला कोपरानं बाजूला सारून पुढं बसली. झरीला बापाच्या घरी गाठीचा दोरा साच्यात बसवायची तशी तिची बोटं चालली, मधून कडेला, कडेवरून टोकाला. तो मागोमाग ब्रश मारत गेला. त्याच्या विमानाला तिचा हात आजवर कधी लागला नव्हता. त्यानं लागू दिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंख सुटला, खरंच अल्लाद. दोन्ही अर्धे जोडून झाल्यावर त्यानं एक डोळा मिटून कडेवरून नजर फिरवली. मागची कड एक सूत खाली वळली होती.

"वाकडा आला ना?"

"लाकूड फुगलं."

एवढंच. ती बोटं खाजवत चुलीकडे वळली. तिनं दोन दिवस कशालाच मीठ बरोबर घातलं नाही आणि त्यानं दोन्ही दिवस ते मुकाट्यानं खाल्लं.

रविवारी शेडमागच्या मैदानात तीसेक माणसं जमली. त्याच्या हाताखालचा शेडमधला खलाशी मुंजाजी विमान धरून बसला होता. "आप्पा, ह्ये जायलंय कुटं? घाण्याचा बैल हाय ह्यो," तो म्हणाला आणि सगळे हसले. चन्नबसम्मा बायकांच्या मागं उभी होती, गळ्यातल्या लिंगावर मूठ आवळून.

एरंडेल मिसळलेल्या इंधनावर इंजिन कडाडलं. मुंजाजीनं हात सोडले. एक फेरा. दुसऱ्यात वाऱ्याची बाजू आली, जिथं तिन्ही विमानं गेली होती तीच, आणि तिनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा विमान तिच्यासमोरून पुन्हा जात होतं. तारा वाजत होत्या. त्याचा हात खांद्यापासून सरळ ताणलेला होता, जत्रेत पोरानं बोट धरून ओढत न्यावं तसा.

"अगं, इकडं ये."

सगळ्या शेडसमोर. ती पदर खोचून तारांखालून वाकून गेली. त्यानं मूठ तिच्या हातात दिली आणि वरून आपला हात ठेवला.

"ओढायलंय," ती दचकून म्हणाली.

"ओढू दे. आतला डावा पंख उचलायलाय, म्हणून बाहेर पळायलंय. तार ढिली पडंनाच."

"वाकडा झाला त्यानं?"

"त्यानंच."

दोघं जागच्या जागी फिरत राहिली. आभाळ, शेड, भिंत, माणसं, पुन्हा आभाळ. "आता जोडी झाली घाण्याला," मुंजाजी ओरडला. ती मान खाली घालून हसली, पण मूठ सोडली नाही.

साच्याच्या त्या दोन फळ्या तिच्या बापाच्या होत्या. तो गेल्यावर तिनं झरीहून त्या आणल्या आणि उलट्या अंगावर पंख कोरा म्हणून नवऱ्यापुढं ठेवल्या. सुलट्या अंगाला गाठीची नऊ फुलं अजून आहेत.