हातची कलमं

चाळीस वर्षं आंब्याची कलमं बांधणाऱ्या सासऱ्यांचा हात यंदा थरथरू लागला. काप तिरका जाई, काडी खुंटावर नीट बसत नसे आणि तीन आठवड्यांत कलम वाळून जाई. सून रोज त्यांच्या आधी उठून रोपवाटिकेत जायची, वाळलेली कलमं काढायची आणि त्यांच्या जागी आपण बांधलेली ठेवायची. घरात तिने कुणाला अवाक्षरही सांगितलं नव्हतं. आज ओळखीचे एक जुने बागायतदार टेम्पो घेऊन आले. "काका, तुमच्याच हातची पन्नास द्या. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही." "सगळी बाबांनीच बांधलीत," सून घाईघाईने म्हणाली. सासऱ्यांनी एक कलम उचललं आणि जोडावर गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. "ही डावखुरी आहे, पट्टी उलटी गुंडाळते," ते म्हणाले. "ही सगळी हिची. माझं यंदा एकही जगलं नाही." कुठे बघावं ते सुनेला कळेना. "बाबा, तुम्हाला कधी कळलं?" "तू कलमं बदलायला लागलीस, त्या पहिल्याच आठवड्यात. पण सांगायला जीभ रेटेना." बागायतदारांनी दोन-तीन कलमं हातात घेऊन जोड निरखले, कोवळी पालवी पाहिली आणि टेम्पोची फळी खाली पाडली. "लावायचं कसं, जपायचं कसं, ते एकदा सांगा काका." सासरे बाकावर टेकले. "तिलाच विचारा." सुनेने खड्ड्यापासून सुरुवात केली. पहिली तीन वर्षं मोहोर खुडून टाकायचा, इथपर्यंत ती न अडखळता आली. सासऱ्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.