पुढची पेटी

शहरातल्या अरुंद गल्ल्यांतून पार्सलं पोचवायला भार्गवीने मालवाहू सायकल तयार केली होती, पुढे मोठी पेटी असलेली. ती घेणाऱ्या कंपनीचे साहेब मालवणला घरी येणार म्हणून आदल्या संध्याकाळी पेटीची मजबुती पाहायला बाबांनीच तिच्यात जांभ्याचे चिरे रचून दिले. पेटी जराही वाकली नाही.

सकाळी साहेब अंगणात चहा घेत असताना बाबा तिथे आले. अंगात विरलेलं बनियन, डोक्याला पंचा. सायकलीजवळ त्यांनी वहाणा काढल्या.

“बाय, माका बसव गो पेटयेत. बाजारातसून एक फेरी मार. लोकांका कळांदे, माझ्या चेडवान काय केल्यान ता!”

साहेब हसले. भार्गवी खालच्या आवाजात म्हणाली, “नको बाबा, पेटी मोडेल.”

बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

“होय गो, मोडतली. माझा वजन काय कमी आसा?” असं म्हणून त्या काटकुळ्या माणसाने वहाणा परत पायांत सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठता उठता बाबा गेले.

अस्थी समुद्रावर न्यायला काकांनी गाडी काढली. भार्गवीने मडकं उचललं, सायकलच्या पेटीत अलगद ठेवलं आणि भर बाजारातून निघाली. दुकानांतली माणसं उठून उभी राहिली. बाजाराच्या मधोमध तिने सायकल थांबवली.

“पेटी मोडली नसती, बाबा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “माका तुमची लाज वाटली.”